बरा, म्हणजे किती बरा?

मराठीत ‘बरा’ हा शब्द दोन कामं करतो आणि ती दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात. ताप उतरलेला माणूस ‘बरा झालो’ म्हणतो तेव्हा प्रकरण संपलेलं असतं. तोच माणूस ‘कसं काय?’ या प्रश्नाला ‘बरं आहे’ म्हणतो तेव्हा काहीच संपलेलं नसतं. चाललंय, ढकलतोय, फार खोलात शिरू नका, एवढाच त्याचा अर्थ. दीर्घ आजारात माणूस कसा जगतो हे आकड्यांत मांडण्याच्या खटपटीला आता पाऊणशे वर्षं झाली. तो इतिहास वाचताना मला सारखं वाटत राहतं की हा या दोन ‘बऱ्यां’मधल्या अंतराचा इतिहास आहे. डॉक्टर पहिला बरा मोजतात. रोगी दुसऱ्यात राहत असतो.

मी रायपूरच्या समता कॉलनीत राहते (पाटीवर हिंदीच्या रिवाजाप्रमाणं ‘कॉलोनी’ असं लिहिलेलं असतं). उमेदीची वर्षं संख्याशास्त्र शिकवण्यात गेली. इथली मराठी घरं आपला इतिहास हौसेनं भोसल्यांपर्यंत नेऊन पोचवतात. १७४१ मध्ये नागपूरची फौज छत्तीसगडात उतरली, पुढं बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले, आणि १९५६ पर्यंत तर रायपूर हे नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होतं. या नात्याची एक कमी मिरवलेली बाजूही आहे, ती कुष्ठरोगाची. देशात या रोगाचं प्रमाण ज्या राज्यांत सर्वाधिक, त्यांत छत्तीसगड येतं, आणि इथल्या कामात मराठी माणसांची एक ठळक वाट आहे. चांपाजवळच्या सोंठी गावी १९६२ मध्ये भारतीय कुष्ठनिवारक संघ उभा करणारे सदाशिवराव कात्रे स्वतः या रोगातून गेलेले होते. त्यांच्यामागून तिथं आयुष्य घालवणारे दामोदर गणेश बापट अमरावती जिल्ह्यातले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१९ मध्ये ते गेले. या माणसांविषयी आदरानं पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला लिहायचं आहे ते मोजण्याविषयी, कारण मोजणी कशी करायची यावरून कोण रोगी आणि कोण नाही हे ठरत गेलं.

या मोजणीचं मूळ वर्ध्याकडं जातं. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला काम सुरू केलं, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन उभं राहिलं, १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती काढली. ही सगळी आश्रयाची ठिकाणं. हाकललेला माणूस तिथं पोचला की त्याची गणना व्हायची. १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघालं आणि डॉ. आर. व्ही. वारदेकरांनी उलटी पद्धत बसवली: सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. रोगी येण्याची वाट पाहायची नाही. गावोगाव, घरोघर जायचं, अंगावरचा चट्टा बघायचा, तो बधिर आहे का हे तपासायचं, नोंद करायची, घरच्यांना समजवायचं आणि डॅप्सोनच्या गोळ्या तिथंच द्यायच्या. १९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि देशभरच्या कामाला हीच पद्धत पायाभूत ठरली. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट होती. आश्रमाच्या दारात आलेल्यांवरून गावातला रोग कळत नाही. दारात येतो तो बहुधा घरानं टाकलेला. घरोघर गेल्यावर न टाकलेला, लपवलेला, स्वतःलाही न उमगलेला रोगी सापडतो.

पुढं औषध बदललं. १९८१-८२ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेनं तीन औषधं एकत्र देण्याची शिफारस केली, १९८३ मध्ये भारतानं आपल्या कार्यक्रमाचं नावही ‘निर्मूलन’ असं केलं, आणि १९९१ मध्ये जिनिव्हात ठराव झाला की सन २००० पर्यंत रोगाचं प्रमाण दर दहा हजारी एकाच्या खाली आणायचं. हे औषध खरोखरच गुणकारी आहे. त्यानं लाखो माणसांचे हातपाय वाचवले. पुढं मी जे म्हणणार आहे ते औषधाच्या विरुद्ध नाही, आकड्याविषयी आहे.

दर दहा हजारी प्रमाण म्हणजे एका ठरावीक दिवशी उपचाराच्या नोंदवहीत असलेली माणसं. मी वर्गात दवाखान्याच्या बाकाचं उदाहरण द्यायचे. रोज तितकेच रोगी येतात असं समजा. डॉक्टर प्रत्येकाला वीस मिनिटांऐवजी दहाच मिनिटं देऊ लागले, तर बाक निम्मा रिकामा दिसेल. गावातलं दुखणं काही निम्मं झालेलं नसेल. कुष्ठरोगात अगदी हेच घडलं. जास्त जंतू असलेल्या प्रकारात उपचार चोवीस महिन्यांचा होता, १९९७ च्या शिफारशीनंतर तो बारा महिन्यांवर आला. औषधशास्त्राच्या दृष्टीनं निर्णयाला आधार होता. पण नव्या रोग्यांची संख्या तशीच राहिली तरी नोंदवहीतली आपोआप घटते, कारण प्रमाण म्हणजे नवे रोगी गुणिले नोंदवहीतला काळ. त्यातच घरोघरची पाहणी थांबली आणि रोग्यानं आपण होऊन दवाखान्यात यावं असं धोरण आलं. डिसेंबर २००५ मध्ये देशाचं प्रमाण ०.९५ झालं. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोग संपल्याचं जाहीर झालं. छत्तीसगडचं प्रमाण तेव्हाही एकाच्या वर होतं, नंतरही राहिलं. २०१६ मध्ये घरोघरची शोधमोहीम पुन्हा सुरू करावी लागली तेव्हा वर्ध्याची ती जुनी वही, एका अर्थानं, पुन्हा उघडली गेली.

आणि बारावा महिना संपल्यावर काय होतं? कुष्ठरोग खात्यातले लोक म्हणतात, ‘आरएफटी झाला’, म्हणजे उपचारातून मुक्त, वहीतून नाव कमी. जंतू मेले, माणूस बरा झाला. पण मेलेली नस औषधानं परत येत नाही. बोटं आखडलेली राहतात, तळपायाला खडा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते, डोळ्याची पापणी मिटत नाही. असा माणूस पुढं तीस-चाळीस वर्षं जगतो. वहीच्या लेखी तो पहिल्या अर्थानं बरा आहे.

दुसऱ्या अर्थाची मोजदाद सुरू झाली ती कुष्ठरोगात नाही, कर्करोगात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डेव्हिड कार्नोफ्स्की आणि जोसेफ बर्चेनाल नायट्रोजन मस्टर्ड या जहाल औषधाचा प्रयोग करत होते. गाठ आकसली, पण माणूस अंथरुणावरून उठू शकतो का? ते सांगायला त्यांनी शून्य ते शंभर अशी दहा-दहाची पट्टी केली: शंभर म्हणजे तक्रार नाही, शून्य म्हणजे मृत्यू, आणि मधल्या पायऱ्यांवर माणसाला दुसऱ्याची मदत किती लागते याचं वर्णन. १९६३ मध्ये सिडनी कॅट्झ यांनी वृद्धांसाठी अंघोळ, कपडे, शौच, जेवण अशा रोजच्या कामांची यादी बनवली. कुष्ठरोगातल्या विकृतीची शून्य, एक, दोन ही श्रेणी याच घराण्यातली: शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे बधिरता, दोन म्हणजे डोळ्यांना दिसणारं व्यंग. या सगळ्या पट्ट्यांत गुण डॉक्टर देतो. माणूस हलतो किती ते तो बाहेरून पाहतो आणि लिहितो. पट्ट्या उपयोगी आहेत, आजही वापरात आहेत. पण श्रेणी दोनच्या दोन माणसांपैकी एक पंचायतीत बसत असेल आणि दुसऱ्याला चहाच्या टपरीवर काचेचा पेला मिळत नसेल, तर श्रेणी दोघांना सारखेच दोन गुण देते.

अर्थशास्त्रज्ञांनी मधल्या काळात आणखी एक रस्ता काढला. प्रत्येक आजाराला शून्य ते एकमधला भार द्यायचा आणि त्यावरून आयुष्याची किती निरोगी वर्षं वाया गेली ते काढायचं. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालानं हा हिशेब जगभर पोचवला. सरकारांना पैसा कुठं घालायचा हे ठरवायला तो सोयीचा आहे. माझा त्यावर फारसा जीव नाही. तो पहिला भार तज्ज्ञांनी टेबलाभोवती बसून ठरवला होता, रोग्याला विचारून नाही.

विचारण्याची वेळ आली १९९१ नंतर. जागतिक आरोग्य संघटनेनं जीवनाच्या गुणवत्तेची प्रश्नावली तयार करायला घेतली ती एकाच वेळी पंधरा केंद्रांवर. त्यांत दिल्ली आणि मद्रास अशी दोन भारतीय केंद्रं होती, बरोबरीला बँकॉक, हरारे, टोकियो, झाग्रेब, पनामा. तोवरचा रिवाज असा होता की प्रश्न इंग्रजीत जन्मायचे आणि मग त्यांची भाषांतरं व्हायची. इथं प्रत्येक केंद्रानं आपल्या भाषेत सामान्य माणसं, रोगी आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून ‘चांगलं जगणं म्हणजे काय’ हे विचारलं आणि आपापले प्रश्न लिहिले. सगळे मिळून सुमारे अठराशे झाले. त्यांतून गाळत गाळत शंभर उरले, आणि पुढं छोट्या आवृत्तीत सव्वीस: शरीर, मन, नातीगोती आणि परिसर, अशी चार अंगं. हिंदी आवृत्तीचं काम दिल्लीत शेखर सक्सेना आणि सहकाऱ्यांनी केलं. ते १९९८ मध्ये छापून आलं.

गाळणीचं तंत्र थोडक्यात सांगते. एकाच अंगाविषयीचे प्रश्न एकमेकांच्या सुरात सूर मिळवतात का हे पाहायला ली क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये एक गुणांक दिला होता, अल्फा. झोपेच्या प्रश्नाला वाईट गुण देणारा माणूस थकव्याच्या प्रश्नालाही साधारण वाईटच देईल, तर दोघे एका घरचे. बेसूर प्रश्न काढून टाकायचा. मग हे पाहायचं की प्रश्न आजारी आणि निरोगी माणसांना वेगळं काढतो का, आणि पंधरवड्यानं पुन्हा विचारल्यावर साधारण तेच उत्तर येतं का. या चाळण्यांतून जे जातं ते टिकाऊ असतं. अल्फा मात्र आणखीही काही करतो. जे दुःख कशाशीच जुळत नाही, एकटंच बसलेलं असतं, त्याचा प्रश्न तो आधी गाळतो.

मला या सगळ्या उद्योगातला सर्वांत आवडता भाग उत्तरांच्या शब्दांचा आहे. प्रश्नाला पाच उत्तरं द्यायची, एका टोकाला ‘अजिबात नाही’, दुसऱ्या टोकाला ‘अतिशय’. मधले तीन शब्द कुठले? ते पाव, अर्ध्या आणि पाऊण अंतरावर बसले पाहिजेत. इंग्रजी शब्दांचं भाषांतर केलं तर ते तिथंच बसतील याची खात्री काय? म्हणून प्रत्येक केंद्रानं साध्या माणसांसमोर दहा सेंटिमीटरची रेघ ठेवली. दोन्ही टोकं लिहिलेली. मग एकेक शब्द द्यायचा, ‘थोडंसं’, ‘बऱ्यापैकी’, ‘खूपसं’, आणि तो रेघेवर कुठं येतो तिथं खूण करायला सांगायची. ज्या शब्दाच्या खुणा पंचवीस मिलिमीटरच्या आसपास पडल्या तो पाव. पन्नासच्या आसपास तो अर्धा. एखाद्या भाषेतली विशेषणं पट्टीनं मोजली जातात हे कुणा कवीला सुचलं नसतं.

मी हा प्रयोग कॉलनीतल्या आणि पलीकडच्या चौबे कॉलनीतल्या मराठी घरांमध्ये करून पाहिला, निव्वळ हौसेनं, त्यामुळं त्याला अभ्यास म्हणू नये. ‘बरं’ या शब्दाची खूण पार पसरली. वयस्क मंडळींनी ती रेघेच्या मध्याच्या अलीकडं केली. इथंच जन्मलेल्या, शाळेत हिंदी शिकलेल्या मुलांनी पलीकडं, कारण त्यांच्या कानाला ‘बरं’ म्हणजे ‘चांगलं’च. एका आजींनी खूण करायला नकार दिला. म्हणाल्या, ‘विचारणारा कोण आहे त्यावर आहे ते.’ मोलकरणींना छत्तीसगढीत विचारलं तर ‘बने’ हा शब्द सगळ्यांनी थेट उजव्या टोकाशी नेला, आणि रोज सकाळी भेटल्यावर त्या ‘बने-बने’ म्हणतात ते सवयीनं. आता हाच शब्द सरकारी प्रश्नावलीत घातला, तर छत्तीसगड देशातलं सर्वांत सुखी राज्य ठरेल. (‘जीवनाची गुणवत्ता’ हा शब्दप्रयोगही कुणाच्या तोंडी नसतो. ‘जीवनमान’ म्हटलं तर माणूस पगार सांगतो, ‘राहणीमान’ म्हटलं तर घर. ‘जगणं कसं चाललंय’ म्हटलं की मग बोलतो.)

सव्वीस प्रश्नांची ती प्रश्नावली कुष्ठरोगातही वापरली गेली. वेल्लोरचे अब्राहम जोसेफ आणि पी. एस. एस. सुंदर राव यांचा त्यावरचा अभ्यास १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला. पण ज्या आजारात शरीरापेक्षा समाज जास्त दुखवतो, तिथं वेगळ्या मापाची गरज होती. ते माप २००६ मध्ये आलं. विम व्हॅन ब्राकेल आणि त्यांच्या गटानं नेपाळ, भारत आणि ब्राझीलमध्ये सहा भाषांत काम करून ‘सहभाग श्रेणी’ बनवली. अठरा प्रश्न. काम मिळण्याची संधी, सणसमारंभाला जाणं, गावातल्या चर्चेत आपल्या शब्दाला मान असणं. आणि त्यांत एक प्रश्न असा की वाचताना कुणाही भारतीयाचा हात थांबावा: घरात तुमची जेवणाची भांडी बाकीच्यांच्या भांड्यांबरोबर ठेवतात का? ताट-वाटी वेगळी काढणं म्हणजे काय हे आपल्याला नेपाळ किंवा ब्राझीलवाल्यांनी शिकवायला नको. ते ज्यांना शिकावं लागलं त्यांत कुष्ठरोगी एकटे नव्हते.

या श्रेणीचे गुण देण्याची रीत विचारपूर्वक केलेली आहे. प्रत्येक प्रश्न ‘तुमच्यासारख्या इतरांच्या तुलनेत’ विचारायचा. ‘हो’ असेल तर शून्य. ‘नाही’ किंवा ‘कधीकधी’ असेल तर पुढं विचारायचं, हा तुम्हाला किती मोठा प्रश्न वाटतो? काही नाही, तर एक. लहान, तर दोन. मध्यम, तर तीन. मोठा असेल तर एकदम पाच. चार नाहीच. तीनवरून पाचावर घेतलेली ही उडी मला आवडते. मध्यम दुःख आणि मोठं दुःख यांमधलं अंतर लहान आणि मध्यम यांमधल्या अंतराएवढं नसतं, हे कुणीतरी आकड्यात कबूल केलं. बेरीज शून्य ते नव्वद. बारापर्यंत सामान्य, कारण निरोगी माणसालाही थोडीफार अडचण असतेच.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाच्या निमित्तानं मी छत्तीसगडातल्या एका कुष्ठवस्तीत गेले होते. नाव लिहीत नाही. साठी ओलांडलेले एक गृहस्थ, विशीत गावाबाहेर पडलेले. दोन्ही हातांची बोटं झिजलेली, म्हणजे श्रेणी दोन. बायको याच वस्तीतली, तीही आरएफटी झालेली. भांडी एकत्र? हो. सणाला जाता? हो, इथंच असतो. लोक मान देतात? हो, दोन वेळा वस्तीचे पंच होते. बेरीज बाराच्या बरीच खाली राहिली. कागदावर त्यांच्या सहभागात काहीच उणं नव्हतं.

चूक श्रेणीची म्हणावी तर तसंही नाही. ‘तुमच्यासारखे इतर’ याची व्याख्या तिच्या सूचनांमध्ये नीट दिलेली आहे: वय, परिस्थिती, संस्कृती सगळं सारखं असलेला, फक्त हा आजार नसलेला माणूस. विद्यार्थिनीनं ती सूचना त्यांना समजावून पुन्हा विचारलं, तुमच्यासारखा कोण? ते समोरच्या ओट्याकडं बघून म्हणाले, ‘मोर असन? ओदे बइठे हे.’ माझ्यासारखा? तो काय बसलाय. ओट्यावर त्यांचा शेजारी होता, त्याच्याही हातांची तीच गत. चाळीस वर्षांत ज्याला ‘सारखा’ म्हणावं असा आजार नसलेला माणूस त्यांना उरलेलाच नव्हता. तुलनेची दुसरी बाजूच वस्तीनं पुसून टाकली होती, आणि त्यांना जगवलंही त्याच वस्तीनं.

संशोधकांना हा पेच ठाऊक आहे. १९९९ मध्ये गॅरी अल्ब्रेख्त आणि पॅट्रिक डेव्हलीगर यांनी गंभीर अपंगत्व असलेल्यांशी बोलून दाखवलं की त्यांतले निम्म्याहून अधिक लोक आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम म्हणतात. त्याच वर्षी मिर्जाम स्प्रांगर्स आणि कॅरोलिन श्वार्ट्झ यांनी पट्टीच बदलते हा मुद्दा मांडला. दीर्घ आजारात माणूस आतली मापं पुन्हा आखतो, आणि कालचे पाच व आजचे पाच एकच राहत नाहीत. त्यावर उपायही आहेत, जसं आज बसून ‘तेव्हा कसं होतं’ हे पुन्हा विचारायचं आणि त्या वेळच्या उत्तराशी ताडून बघायचं. पण ‘तेव्हा’चं उत्तर कुणी घेतलेलंच नसेल तर काय ताडणार? वहीत फक्त उपचार सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख होती. शिवाय असं उत्तर ‘खोटं समाधान’ म्हणून काढून टाकायला मी तयार नाही. ते गृहस्थ पंच होते. भांडणं मिटवत होते. ते बरे होते.

एक प्रश्न गावाबाहेर, नातेवाइकांकडं जाण्याचा आहे. तिथं ते थोडं थांबले आणि म्हणाले, ‘नई लागय.’ गरज पडत नाही. श्रेणीत या उत्तरालाही जागा आहे: लागू नाही, इच्छा नाही, आवश्यकता नाही. त्याचे गुण शून्य, म्हणजे ‘हो’ म्हणणाऱ्याइतकेच. ज्याला खरोखर जायचं नाही त्याच्यावर जबरदस्तीनं दुःख लादू नये म्हणून ही सोय केलेली आहे, आणि ती योग्यच आहे. पण जाण्याची इच्छा चाळीस वर्षांत विझली असेल, तर तीही त्याच शून्यात जाते. विद्यार्थिनीनं विचारलं, गाव कुठलं? त्यांनी नाव सांगितलं. धाकट्या भावाचं घर कुठल्या झाडापाशी आहे ते सांगितलं, आता पक्कं बांधलंय म्हणाले, कुणाकडून तरी ऐकलेलं. तिनं ते प्रश्नावलीच्या समासात पेन्सिलीनं टिपून घेतलं.

पुढं संगणकात माहिती भरताना समासासाठी रकाना नव्हता. आम्ही दोघींनी बसून बाकीच्या प्रश्नावल्या पुन्हा चाळल्या, तर ‘नई लागय’ आणखी बऱ्याच जणांनी म्हटलेलं होतं, त्याच प्रश्नाला. तिनं मग त्या उत्तराला शून्याऐवजी वेगळा खुणेचा आकडा दिला आणि बेरजेतून तो प्रश्न बाजूला ठेवून हिशेब दुसऱ्यांदा केला. परीक्षकांनी विचारलं, छापील पद्धत का मोडली? तिनं कारण दोन पानांत लिहून दिलं. समासातल्या नोंदी प्रबंधाच्या परिशिष्टात, गावांची नावं काढून, छत्तीसगढीतच ठेवल्या आहेत.